धर्माला घटस्फोट? उलटं आहे ते!

प्रश्न असा : कडक पंथ सोडणाऱ्याबद्दल ‘त्याने धर्माला घटस्फोट दिला’ असं लिहिलेलं चालेल का, की ‘वाळीत टाकलं’ म्हणावं?

‘धर्माला घटस्फोट’ वाचून वाचून वीट आलाय. जाणारा घटस्फोट देत नाही हो, मागे राहिलेले त्याचा घटस्फोट करतात! लग्नमोडीला हा शब्द नंतर चिकटला. लग्नातला कलश फुटतो म्हणून घटस्फोट, असं ठोकून देणाऱ्यांनी तो कोणत्या विधीत फुटतो तेही सांगावं.

मूळ विधी पतिताचा, म्हणजे पापामुळे जातीबाहेर गेलेल्याचा. मनुस्मृतीच्या ११व्या अध्यायात आहे : गावाबाहेर, अशुभ दिवशी, संध्याकाळी नातलग जमतात आणि दासी पाण्याने भरलेला घडा लाथेने लवंडते. माणूस जिवंत, पण नातलगांना एक अहोरात्र सुतक. पुढे त्याच्याशी बोलणं, शेजारी बसणं बंद, वारसाहक्कही गेला. धर्मसूत्रकार गौतम तर भांडं उकिरड्यावरून आणायला सांगतो. दक्षिणेकडे तोंड करायचं, नाव घ्यायचं आणि ‘याचं पाणी मी तोडतो’ म्हणायचं. याज्ञवल्क्याच्या ज्या श्लोकात दासीचा घडा आहे, त्यातच ‘बहिः कुर्युः’ (बाहेर काढावं) आहे. म्हणजे घटस्फोट आणि बहिष्कार शेजारी-शेजारी.

खरी मेख पुढे आहे. पतिताशी वर्षभर संबंध ठेवणाराही पतित. त्यामुळे पंथ सोडणाऱ्याचा पाय अडखळतो तो स्वतःच्या भीतीने कमी, धाकट्या बहिणीचं लग्न अडेल या भीतीने जास्त. १६५६मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने तत्त्वज्ञ स्पिनोझाला बाहेर काढलं, तेव्हाही तंबी इतरांनाच होती : त्याच्यापासून चार हातांच्या आत जायचं नाही, त्याचं लिखाण वाचायचं नाही. परतीचं दार मात्र मनूने ठेवलंय. प्रायश्चित्त झालं की नातलग त्याच्याबरोबर स्नान करतात आणि नवा भरलेला घडा पाण्यात टाकतात.

हां, ‘वाळीत’. जुन्या मराठीत ‘वाळणे’ म्हणजे टाकून देणे. उन्हात वाळवण्याशी संबंध नाही. खुशाल वापरा.

‘एखाद्याच्या नावाने आंघोळ करणे’ हेही सुतकातलंच. आणि ‘नावाने खापर फोडणे’ हेही याच घड्याचं, असा माझा तर्क. स्मशानातल्या मडक्याकडे बोट दाखवणारे आहेत, पण मेलेल्यावर ठपका कोण ठेवतं? नाव घेऊन, दोष ठेवून भांडं उपडं होतं ते इथेच.