विंडो बंद करताना एडिटर क्रॅश होतो

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. सरावासाठी विम या एडिटरचा सोर्स कोड उतरवून घेऊन, विंडो बंद होताना तिच्यातील कर्सरची जागा फाइलमध्ये नोंदवणारी छोटी भर मी सी भाषेत घातली. चार-पाच विंडो उघडून एकेक बंद करू लागले की एडिटर कधी कधी सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीत नको तिथे हात घातल्याची चूक) देऊन बंद पडतो. शोध घेण्यासाठी कोडमध्ये छापणाऱ्या ओळी घातल्या, तर क्रॅश होतच नाही. चूक कुठे शोधावी?
— एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : छापणाऱ्या ओळी घालताच क्रॅश नाहीसा झाला, हाच तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचा पुरावा आहे. अशी लपाछपी खेळणारी चूक बहुधा मुक्त केलेली मेमरी पुन्हा वापरल्याची असते. विंडो बंद झाली की तिची मेमरी परत दिली जाते, पण त्या जागेतील मजकूर लगेच पुसला जाईलच असे नाही; साखर पेठेतील एखाद्या वाड्यातून भाडेकरू गेला तरी नवे बिऱ्हाड येईपर्यंत दारावर त्याचीच पाटी असावी, तसे हे आहे. तुमच्या छापणाऱ्या ओळींनी मेमरीची मांडणी बदलली आणि नवे बिऱ्हाड दुसऱ्या खोलीत गेले, इतकेच. पॉइंटर (मेमरीतील पत्ता ठेवणारे व्हेरिएबल) नल, म्हणजे रिकामा, आहे का, ही तपासणी इथे निरुपयोगी आहे, कारण पत्ता शाबूत असतो, माणूस मात्र तिथे नसतो.

विममध्ये विंडो बंद होताना ऑटोकमांड (ठरावीक घटना घडताच आपोआप चालणाऱ्या आज्ञा) चालतात आणि त्या दुसरी विंडो, प्रसंगी तीच विंडोसुद्धा, बंद करू शकतात. त्यामुळे ऑटोकमांडपूर्वी घेतलेल्या पॉइंटरवर त्यानंतर डोळे झाकून विसंबता येत नाही. एडिटर प्रथम क्लीन (--clean) हा पर्याय देऊन, म्हणजे तुमच्या सेटिंगशिवाय, सुरू करून पाहा. तसे केल्यावर क्रॅश थांबला, तर तुमच्या सेटिंगमधील एखादी ऑटोकमांड निमित्त ठरते आहे, असे समजावे. दोष मात्र सी कोडचाच आहे.

क्रॅश ज्या ओळीवर होतो, तिथे चूक असेलच असे नाही. म्हणून जीडीबी या नेहमीच्या डिबगरवर न थांबता ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारे साधन) लावून कोड पुन्हा कंपाइल करावा. त्यासाठीच्या ओळी विमच्या मेकफाइलमध्ये, म्हणजे कंपाइल करण्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये, तयार आहेत, फक्त त्यांच्यापुढील कॉमेंटची खूण काढायची. डिबगची माहिती ठेवावी आणि ऑप्टिमायझेशन बंद करावे. मेक इन्स्टॉल या आज्ञेने एडिटर सिस्टिमवर बसवल्यास डिबगची माहिती काढून टाकली जाते, तेव्हा एडिटर सोर्स फोल्डरमधूनच चालवावा. विम पूर्ण स्क्रीन व्यापत असल्याने सॅनिटायझरचा अहवाल फाइलमध्ये वळवावा, नाहीतर वाचण्यासारखे काही उरत नाही. त्या अहवालात मेमरी कुठे वापरली, कुठे मुक्त झाली आणि मुळात कुठे घेतली, अशा तिन्ही ठिकाणांची फंक्शन-साखळी (कोणत्या फंक्शनने कोणते बोलावले ती यादी) मिळते. त्यातील मधली आधी वाचावी.

दुरुस्तीचा सरळ मार्ग असा, की ऑटोकमांड चालण्यापूर्वीच ओळ आणि स्तंभाचे आकडे स्थानिक व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्यावेत व पुढे तेच वापरावेत. ऑटोकमांडने हलवलेली कर्सरची जागाच हवी असेल, तर विन_व्हॅलिड या फंक्शनने विंडो अजून अस्तित्वात आहे का, हे प्रत्येक वेळी विचारावे लागेल. मात्र ते केवळ पत्ता जुळवून पाहते. मधल्या काळात त्याच पत्त्यावर नवी विंडो तयार झाली, तर ते तिलाच खरी मानेल, म्हणून पहिला मार्ग बरा.