वाचकांचे प्रश्न : श्रवणयंत्राचा खर्च झेपत नसेल तर

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. डावा कान पूर्ण गेला, उजव्याने थोडं कमी ऐकू येतं. अपंगत्व २५ टक्केच निघालं. घरचं उत्पन्न वर्षाला दीड लाख. मदत मिळेल का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : टक्केवारीत चूक नाही, हिशेबच तसा आहे. चांगल्या कानाच्या श्रवणदोषाची टक्केवारी पाचने गुणायची, त्यात वाईट कानाची मिळवायची आणि सहाने भागायचं. उजवा १० टक्के, डावा १०० टक्के, म्हणजे १५० भागिले ६. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या ‘एडिप’ योजनेला ४० टक्क्यांचा दाखला लागतो. ग्रामपंचायत-नगरपालिकेच्या ५ टक्के दिव्यांग निधीचंही तेच. तिथे हेलपाटे घालू नका.

वयाची वाट मात्र मोकळी आहे. राष्ट्रीय वयोश्री योजनेत साठीपुढच्या, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना १५,००० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांना शिबिरात थेट यंत्र मिळतं. तुमचं उत्पन्न त्यात बसतं. शिबिराची तारीख जिल्हा समाजकल्याण कार्यालयात विचारा. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण आणि वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर ३,००० रुपये एकदाच खात्यात जमा होतात. खातं आधारशी जोडलेलं हवं आणि खरेदीची पावती ३० दिवसांत द्यायची. एवढ्यात चांगलं डिजिटल यंत्र येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

शिबिरातली यंत्रं बरेचदा कपाटात पडून राहतात, ती शिट्टी वाजते म्हणून. रेडीमेड रबरी टोक कानात सैल बसतं आणि आवाज बाहेर निसटून पुन्हा माइकमध्ये शिरतो. ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) कानाचं माप देऊन साचा करून घ्या. हा खर्च टाळण्यात अर्थ नाही. सेलचा नंबर त्यावरच्या स्टिकरच्या रंगावरून ओळखा : १३ नंबर नारिंगी, ६७५ निळा. स्टिकर काढल्यावर सेल मिनिटभर हवेत ठेवून मग बसवा. एकदा काढलेलं स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही.

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची. यंत्राचा उपयोग होत नाही, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र) सांगितलंय. (एक पालक, सांगली)

उत्तर : आधी वय बघा. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी ‘एडिप’मधलं इम्प्लांट पाच वर्षांच्या आतच मिळतं, आणि तपासण्यांतच महिने जातात. पालकांचं मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण मदत, ३०,००० पर्यंत निम्मी. कामकाज मुंबईत वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग या श्रवणदोषांवरच्या राष्ट्रीय संस्थेकडून चालतं. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासण्या मोफत होतात, तिथूनच सुरुवात करा. आधार, जन्मदाखला, उत्पन्नाचा दाखला आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) यांत नावाचं स्पेलिंग एकच ठेवा; अर्ज अडकतात ते इथे.

होकार देण्याआधी घराजवळ स्पीच थेरपी कुठे मिळते ते बघून ठेवा. नुसत्या शस्त्रक्रियेने मूल बोलू लागत नाही. गॅरंटी संपल्यावर कानाबाहेर लावायच्या प्रोसेसरची (आवाज पकडणाऱ्या भागाची) वायर आणि कॉइल (डोक्याला चिकटणारी चकती) पालकांनाच घ्यावी लागते, आणि लहान मुलांच्या हातून वायरच आधी तुटते.