जेंकिन्स (सॉफ्टवेअरच्या बिल्ड आपोआप करणारा सर्व्हर) एलडॅपला, म्हणजे सगळ्यांची खाती एका जागी ठेवणाऱ्या डिरेक्टरीला, जोडलंय. एलडॅपच चालेनासं झालं तर अॅडमिनने आत कसं शिरायचं?

एलडॅप चालू ठेवून शेजारी एक लोकल अॅडमिन अडीअडचणीला ठेवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. साध्या जेंकिन्समध्ये नाही येत. सिक्युरिटी रेल्म, म्हणजे युजर कुठून तपासायचे ती सोय, एका वेळी एकच चालतो. एलडॅप निवडलं की जेंकिन्सच्या स्वतःच्या डेटाबेसमधले युजर असून नसल्यासारखे. (टीमसिटी या तशाच दुसऱ्या बिल्ड सर्व्हरमध्ये दोन्ही एकत्र चालतात, शिवाय सर्व्हरच्या लॉगमध्ये सुपर युजरचं टोकन मिळतं. पण तुमचं जेंकिन्स आहे.)

आमच्या अंबडच्या ऑफिसात हे एका सोमवारी सगळ्यांना एकदमच कळलं. सर्व्हर चालू, पासवर्ड बरोबर, तरी एकालाही लॉगिन होईना. लॉगमध्ये एलडॅपची एरर ४९, पुढे डेटा ५३३. म्हणजे अॅक्टिव्ह डिरेक्टरीतलं (आमचं एलडॅप तेच) खातं बंद केलेलं. कुणाचं? तर जेंकिन्स ज्या खात्याने बाइंड होऊन, म्हणजे एलडॅपमध्ये स्वतः लॉगिन करून, युजर शोधायचं, तेच. ते होतं शुक्रवारी पेढे वाटून पुण्याला गेलेल्या सहकाऱ्याचं. एचआरने नियमाप्रमाणे संध्याकाळी बंद केलं, त्यांचं काय चुकलं? आयटीने ते तासभर उघडून दिलं असतं तरी भागलं असतं, पण तिकिटाशिवाय तिथलं पान हलत नाही. आणि बिल्ड दुपारी जायची होती.

म्हणून सर्व्हरवर एसएसएचने (दुरून मशीनवर लॉगिन करायची सोय) शिरलो. जेंकिन्सच्या होम डिरेक्टरीतली कॉन्फिग डॉट एक्सएमएल फाइल आधी कॉपी करून ठेवली. हे विसरू नका, कारण नंतर सिक्युरिटीच्या पानावर सेव्ह दाबलं की जुन्या एलडॅप सेटिंग्ज पुसल्या जातात. मग फायरवॉलमध्ये ८०८० पोर्ट बाहेरून बंद. त्यानंतरच त्या फाइलमधल्या यूजसिक्युरिटीच्या ट्रूचं फॉल्स केलं, म्हणजे लॉगिनच लागत नाही, आणि जेंकिन्स रीस्टार्ट. ही क्रमवारी उलटी केलीत तर तेवढ्या वेळात नेटवर्कवरचा कुणीही अॅडमिन असतो. एसएसएच टनेलमधून पान उघडलं, कॉपीत बघून एलडॅप नव्याने भरलं, पण या वेळी बाइंडला बिल्ड सर्व्हरसाठी आधीच काढून ठेवलेलं सर्व्हिस खातं दिलं. अॅडमिनचे हक्कही माणसाच्या नावाने न देता ग्रुपला दिले, ग्रुपमध्ये तिघं. सगळ्यांना लॉगिन होतंय हे बघूनच पोर्ट उघडला.

थोडक्यात, तुमची जादा किल्ली म्हणजे मशीनवरचा शेल, जिथे थेट कमांड देता येतात. मात्र एसएसएचचं लॉगिनही त्याच एलडॅपवरून होत असेल तर किल्ली कुलपाच्या आतच राहिली. तिथे एक लोकल युजर हवाच. आमच्याकडे त्याचा पासवर्ड सीलबंद पाकिटात अकाउंट्सच्या कपाटात असतो, आणि दर सहा महिन्यांनी टेस्ट सर्व्हरवर हा सगळा खेळ करून बघतो. पहिल्याच खेपेला कळलं, पाकिटातला पासवर्ड जुना होता.