रोबोट हाताचे ऐकेल कसा?

प्रश्न : आमच्या प्रकल्पात व्हीआरचे (आभासी वास्तवाचे) दृश्य युनिटी या त्रिमितीय दृश्ये घडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असून सहा अक्षांचा रोबोट आरओएस या रोबोट चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालतो. हातात धरलेला कंट्रोलर उजवीकडे नेला की रोबोट भलतीकडेच जातो. असे का होते? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर : युनिटीची निर्देशक पद्धती (अक्षांची मांडणी) डाव्या हाताची असून तीत वाय अक्ष वर व झेड पुढे असतो, आरओएसची पद्धती उजव्या हाताची असून तीत एक्स पुढे, वाय डावीकडे आणि झेड वर असतो. म्हणून युनिटीचा झेड आरओएसच्या एक्सला, युनिटीचा एक्स चिन्ह बदलून वायला आणि युनिटीचा वाय झेडला द्यावा. कंट्रोलरच्या फिरण्याचेही असेच रूपांतर करावे लागते. एवढे करूनही चालक रोबोटकडे तोंड करून उभा राहिला, तर त्याची उजवी बाजू ही रोबोटची डावीच राहणार. त्यासाठी दिशा रोबोटच्या बैठकीवरून न ठरवता चालक ज्या बाजूने पाहतो तिच्यावरून ठरवावी. मात्र ती रोबोट हलवण्यासाठी कंट्रोलरवरचे बटण दाबल्याच्या क्षणी एकदाच घ्यावी, नाहीतर नुसती मान वळवल्यानेही रोबोट हलू लागेल. चित्राच्या सुबकतेपेक्षा मी या जुळणीला अधिक महत्त्व देतो.

प्रश्न : आमच्या फाउंड्रीत कास्टिंगच्या फेटलिंगसाठी (ओतीव भागावरचा जादा धातू घासून काढण्यासाठी) असा रोबोट वापरून पाहत आहोत. हात अवघडतो आणि बटण दाबताच रोबोट झेप घेतो. (कारखानदार, उद्यमबाग)

उत्तर : तुमची प्रणाली हाताचे प्रत्यक्ष स्थान रोबोटला पाठवत असावी. त्याऐवजी बटण दाबताना हात आणि रोबोटचे टोक जिथे असतील, तीच आरंभस्थाने मानून पुढे फक्त त्यांतला बदल पाठवावा. मग माऊस उचलून पुन्हा ठेवतो, तसे बटण सोडून हात सोयीच्या जागी आणता येतो. बारीक कामासाठी हात १० सेंमी हलला की टोक २ सेंमी हलावे, असे प्रमाण ठेवता येते. फिरण्याचे प्रमाण मात्र जसेच्या तसे ठेवावे. हाताचा कंप गाळताना फिल्टर फार कडक केला तर रोबोट मागे रेंगाळतो, म्हणून हात संथ असताना जास्त आणि वेगात असताना कमी गाळणारा फिल्टर वापरावा. ग्राइंडिंगचा दाब साध्या कंट्रोलरवर हाताला जाणवत नाही. त्याची मर्यादा बळ मोजणाऱ्या सेन्सरच्या आधारे रोबोटनेच पाळावी. चालकाचे डोळे हेडसेटने झाकलेले असल्याने आपत्कालीन थांब्याचे खरे बटण बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हाताशी असलेच पाहिजे.

प्रश्न : रोबोटवरील कॅमेऱ्याचे चित्र पाहताना विद्यार्थ्यांना गरगरते. (शिक्षिका, निपाणी)

उत्तर : मान वळते आणि चित्र उशिरा बदलते, त्यामुळे गरगरते. कॅमेऱ्याचे चित्र डोळ्यांसमोर चिकटवून न ठेवता आभासी खोलीत फलकासारखे एका जागी ठेवावे. खोलीचे दृश्य हेडसेट स्वतः सेकंदाला ७२ किंवा ९० वेळा रेखाटतो, त्यामुळे ते मानेबरोबर लगेच बदलते. रोबोटला पोहोचायला वेळ लागत असेल, तर त्याची पुढची स्थिती फिकट आकृतीने आधीच दाखवावी.

प्रश्न : कामगारांपैकी काही कन्नड वाचतात, काही मराठी. सूचना कोणत्या भाषेत द्याव्यात? (पर्यवेक्षक, खानापूर)

उत्तर : शक्यतो लिहूच नका. रोबोट हाताच्या ताब्यात आला की दृश्यातील त्याच्या पकडीचा रंग बदलावा, तो आवाक्याच्या कडेशी पोहोचला की कंट्रोलर थरथरावा. प्रशिक्षणाचा तक्ता मात्र दोन्ही भाषांत भिंतीवर लावावा.