रेडटेल कॅटफिश घ्यायच्या आधी हे वाच

भावा, दुकानात बोटाएवढा दिसणारा रेडटेल हा शिकारी मासा पुढे 3-4 फूट होतो, आणि वाढतोही भराभर, त्यामुळे "आत्ता छोट्या टँकमध्ये ठेवतो, मोठा नंतर घेऊ" असं करू नकोस, ते नंतर सहसा येतच नाही आणि हाल माशाचे होतात. टँकची लांबी सगळे विचारतात, रुंदी कोणीच नाही, पण वळायला रुंदीच लागते ना! अ‍ॅलिगेटर गार नावाच्या दुसऱ्या मोठ्या शिकारी माशाचं अंग तर इतकं कडक असतं की अरुंद टँकमध्ये त्याला धड फिरताच येत नाही. अ‍ॅलिगेटर गार आणि अरापाइमा हे मोठे मासे वर येऊन हवा घेतात, म्हणून पाणी आणि झाकणामध्ये जागा सोड, आणि झाकण जड, घट्टच हवं, अरोवाना ही मासळी असेल तर नक्कीच, ती जोरात उडी मारते.

खायला रोज जिवंत गोल्डफिश टाकू नकोस प्लीज. रोग येतात ते वेगळंच, पण त्यांच्यात थायामिनेज असतं, ते बी1 जीवनसत्त्व मोडतं आणि हळूहळू मासा खचतो. लहान असतानाच पेलेट्सची (कोरड्या गोळ्यांच्या खाद्याची) सवय लाव. मोठ्या माशाला रोज खायला लागत नाही, आणि जास्त घातलंस की पाण्यात विषारी अमोनिया वाढलाच, मग कितीही भारी फिल्टर असू दे. हीटरला गार्ड लाव, नाहीतर फोडतात.

नाही झेपला तर नदी-तळ्यात अजिबात सोडायचा नाही, तिथले मासे खाऊन टाकतो.

मला विचारशील तर सुरुवातीला सेनेगल बिचिर घे, फूटभर होतो, शिकारी आहे आणि सांभाळता येतो.