चौकट म्हणजे शीव नव्हे

प्रश्न : दक्षिण फ्रान्समधल्या ऑरांज गावी, रोमन नाट्यगृहासमोरच्या संग्रहालयात संगमरवरावर कोरलेला जमिनींचा नकाशा पाहिला. त्यावरून तिथल्या रोमन वसाहतीची हद्द सांगता येते का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नशीबवान आहात! तीस वर्षं भूकरमापक म्हणून बांधाबांधावर साखळी ओढली, पण तो नकाशा मी फोटोतच पाहिला.

दुसऱ्या लीजनच्या (रोमन सैन्यतुकडीच्या) निवृत्त सैनिकांची ही वसाहत इ.स.पू. 35 च्या सुमाराची, नाव अराउसिओ. ऑगस्टसने सैनिकांना दिलेल्या सरकारी जमिनी पुढे खासगी लोकांनी बळकावल्या, म्हणून सम्राट वेस्पाशियनने इ.स. 77 मध्ये नकाशा लावायचा हुकूम काढला आणि जमिनीच्या आखलेल्या प्रत्येक चौकटीचा वार्षिक खंडही त्यावर नोंदवायला लावला. म्हणजे अतिक्रमणाचं दुखणं तेव्हाही होतंच! एकेक चौकट सुमारे 710 मीटर बाजूची, म्हणजे पन्नासेक हेक्टरची. दोन मुख्य रेषांपासून उजवी-डावी, अलीकडची-पलीकडची असं मोजून तिचा पत्ता लिहिलेला.

आता हद्द. शेवटची चौकट दिसली की वसाहत संपली, असं समजू नका. मोजणीची आखणी सरळ पुढे जाते, शेजाऱ्याच्या शिवारातूनसुद्धा. तिथे असे तीन नकाशे सापडलेत; त्यातला ‘ब’ नकाशा उत्तरेकडे त्रिकास्तिनी या टोळीच्या मुलखात शिरतो, पण तिथल्या काही चौकटींवर स्पष्ट कोरलंय : ‘त्रिकास्तिनींना परत’. चौकट रोमनांची, जमीन शेजाऱ्यांची! माझ्या मते हद्द शोधणाऱ्याने आधी असे शेरे वाचावेत, रेघा मागाहून.

जिथे शेरा नाही तिथे इतर खुणा जुळवाव्या लागतात : हद्दीचे कोरीव दगड, मैलाचे दगड कुठल्या शहरापासून अंतर मोजतात ते, आणि पुढच्या काळातल्या बिशपांच्या क्षेत्रांच्या सीमा. त्यातली शेवटची खूण मी जपून वापरीन. बिशपांची क्षेत्रं मधल्या शतकांत फुटतात, जोडली जातात.

गावांची नावंही तपासा, पण सावधपणे. त्रिकास्तिनींच्या मुख्य गावाचं आजचं नाव सँ-पोल-त्र्वा-शातो, म्हणजे ‘तीन किल्ल्यांचं संत पॉल’. तिथे जाऊन किल्ले मोजत बसू नका. टोळीचं नाव कळेनासं झाल्यावर लोकांनी त्याचेच ‘तीन किल्ले’ केले.