बीए सायकॉलॉजीनंतर नाशिकमध्ये राहून ट्रान्सपर्सनल सायकॉलॉजीत (अध्यात्म, ध्यान अशा अनुभवांचा मानसशास्त्रीय अभ्यास) पीजी करता येईल का?

त्याच नावाच्या डिग्रीच्या मागे लागू नका. आधी साधं एमए सायकॉलॉजी करा आणि डेझर्टेशनला हा विषय घ्या. गाइड मात्र आधीच विचारून ठेवा. ‘अध्यात्म’ म्हटलं की काही जण नाक मुरडतात.

विषय तसा पोरकटही नाही. मॅस्लो, ग्रोफ वगैरे मानसतज्ज्ञांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस तो उभा केला, 1969 पासून त्याचं स्वतंत्र जर्नल आहे. पण मुख्य प्रवाहात त्यावर टीकाही भरपूर आहे: संकल्पना मोजायच्या कशा, हीच मुख्य अडचण. म्हणून स्टॅटिस्टिक्स पक्कं करा.

नाशिककरांचा फायदा म्हणजे इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना ध्यानाचं केंद्र. दहा दिवसांचं शिबिर, जवळजवळ पूर्ण वेळ मौन, पहाटे चारला घंटा, फोन जमा. फी नाही, शेवटी ऐच्छिक दान. ध्यानावर लिहिणाऱ्याने एकदा तरी बसावंच. मानसिक त्रासाची हिस्टरी असेल तर फॉर्ममध्ये लपवू नका. लोणावळ्याचं कैवल्यधामही बघा, 1924 पासून योगावर तिथे संशोधन चालतं.

पेशंट बघायचे असतील तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी लागते. ‘स्पिरिच्युअल थेरपिस्ट’ची वीकेंड सर्टिफिकेटं तिथे चालत नाहीत, पैसे वाचवा.